‘आढळले नाही’ : पाण्याच्या तपासणी-अहवालातील मराठीची समीक्षा

१

ज्या लेखनाकडे समीक्षेने लक्ष द्यावे असे आपणांस सहसा वाटत नाही, अशा एका लेखनप्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. पाण्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल हा तो प्रकार होय. तो एका पानाचा असतो. त्याला लेखक म्हणून कोणाचे नाव नसते. तो एकदा वाचून घडी घालून ठेवला जातो. तथापि त्यातील दोन-तीन शब्दांवर विसंबून एखादे कुटुंब वर्षभर पाणी पीत असते. इतका भार वाहणाऱ्या शब्दांची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाने करू नये, याला काही कारण दिसत नाही.

प्रसंग असा घडला. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा. भोवती ऊस, डाळिंब व द्राक्ष यांची बागायत. बागायत म्हटली की फवारणी आली, आणि फवारलेले सर्वच द्रव्य पानावर राहत नाही. या विचाराने तेथील एका पानमळेवाल्यांनी आपल्या विहिरीचे पाणी कीडनाशकांच्या अंशांसाठी तपासून घेतले. मूळ अहवाल इंग्रजीत होता व खाली त्याचे मराठी रूपांतर दिले होते. रूपांतरातील शेरा असा : ‘सूक्ष्म सेंद्रिय प्रदूषके – मर्यादेपेक्षा कमी, आढळली नाहीत.’ तो कागद प्रस्तुत लेखकाच्या हाती देऊन त्यांनी एवढेच विचारले, “सर, म्हणजे पाणी निल आहे ना?”

या प्रश्नाचे उत्तर होय असेही देता येत नव्हते आणि नाही असेही देता येत नव्हते. शेऱ्यातील एकही शब्द खोटा नव्हता. आणि तरीही त्या शब्दांतून वाचकाने काढलेला अर्थ त्या शब्दांना सिद्ध करता येण्याजोगा नव्हता. हा दोष रसायनशास्त्राचा नसून मराठी वाक्याचा आहे, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम या तपासणीत प्रत्यक्ष काय घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पाण्यातील कीडनाशकांचे प्रमाण मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या एककात मोजतात. हे एकक किती लहान आहे याची कल्पना विहिरीवरूनच यावी. १० मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३ लक्ष ९० हजार लिटर भरते. त्यात एखादे द्रव्य ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात असेल, तर सबंध विहिरीतील त्या द्रव्याचे वजन सुमारे ३९ मिलिग्रॅम होते. चिमटीत मावणाऱ्या मिठाचाही तो लहानसा अंश झाला.

एवढे अल्प द्रव्य थेट मोजता येत नाही. आधी ते गोळा करावे लागते. विशिष्ट भुकटी भरलेल्या लहान नळीतून एक लिटर पाणी सोडतात. पाणी निघून जाते, द्रव्य भुकटीला चिकटून राहते. मग थोड्याशा द्रावकाने ते सोडवून घेतात. एका लिटरातील द्रव्य अशा रीतीने एका मिलिलिटरात आले, म्हणजे ते हजारपट दाट होते. यानंतर ते मिश्रण एका लांब नलिकेतून नेतात. तिच्यात प्रत्येक घटक आपापल्या वेगाने चालतो व वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. बाहेर पडणाऱ्या घटकाचे तुकडे करून त्यांच्या वस्तुमानावरून त्याची ओळख पटविली जाते. वायूच्या प्रवाहात असे पृथक्करण करण्याची पद्धती जेम्स व मार्टिन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. १९५७ साली लव्हलॉक यांनी बनविलेल्या ग्राहक-साधनामुळे क्लोरिनयुक्त कीडनाशकांचा अत्यल्प अंशही दिसू लागला. आज यांतील बहुतेक कामे यंत्रे आपण होऊन करतात. नमुन्याची कुपी यांत्रिक हात उचलतो, सुई यंत्रच टोचते, रात्रभर एकामागून एक नमुने जातात, व एकाच फेरीत शेकडो द्रव्यांचा शोध घेता येतो.

नदीच्या काठी अखंड पहारा ठेवण्याइतकी ही यंत्रणा पुढे गेली आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलनजीक सँडोझ कंपनीच्या गोदामास आग लागली. ती विझविण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर कीडनाशके ऱ्हाईन नदीत वाहून गेली व मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर खालच्या देशांच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीवरील तपासणी-केंद्रांचे जाळे अधिक सावध करण्यात आले. पुणे व पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठेच्या व भीमेच्या वाटेने ज्या उजनी जलाशयात येते, त्याच्या काठच्या तालुक्यास ही हकीकत दूरची वाटण्याचे कारण नाही.

मात्र ‘स्वयंचलित’ या शब्दाने एक भ्रम उत्पन्न होतो. स्वयंचलन प्रयोगशाळेच्या दारापासून पुढे सुरू होते. बाटली भरणारा हात माणसाचाच असतो. ती काचेची आहे की प्लॅस्टिकची, उन्हात राहिली की थंडाव्यात, भरणाऱ्याने थोड्या वेळापूर्वी फवारणीचा पंप धुतला होता की काय, यांवर पुढील सर्व सूक्ष्मता अवलंबून राहते. अहवालात यंत्राचे नाव असते. बाटली कोणी, केव्हा व कशी भरली याचे वाक्य मात्र पुष्कळदा नसते.

३

आता शब्दांकडे वळू. या पृथक्करण-पद्धतीस मराठी विश्वकोशाने ‘वर्णलेखन’ हा पर्याय योजला आहे. मूळ ग्रीक घटकांचे हे काटेकोर भाषांतर होय : एक घटक ‘रंग’ या अर्थाचा, दुसरा ‘लिहिणे’ या अर्थाचा. त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हिरव्या पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या स्तंभात वेगळी करून दाखविली व १९०६ साली या रीतीला ते नाव दिले. त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतील अर्थही ‘रंग’ असाच आहे, हा एक मनोरंजक योगायोग. परंतु आज ज्या द्रव्यांचा शोध घेतात, ती बहुतांशी रंगहीन असतात. शिवाय मराठी वाचकाच्या मनात ‘वर्ण’ म्हटल्यावर प्रथम अक्षर उभे राहते, आणि ‘वर्णलेखन’ म्हणजे शुद्धलेखनाचाच एखादा पाठ असावा असे त्यास वाटते. व्युत्पत्तीला धरून असलेला शब्द वापरात दिशाभूल करणारा ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. तरी त्यापासून अपाय नाही. कारण तो शब्द न समजल्याने कोणी चुकीचे पाणी पीत नाही. अपाय आहे तो समजल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांपासून.

असा पहिला शब्द ‘सेंद्रिय’. इंद्रियांसहित ते सेंद्रिय. सजीवांपासून मिळणारे पदार्थ व निर्जीव खनिजे यांत मूलभूत भेद आहे अशी समजूत होती, त्या काळाची ही कल्पना आहे. व्होलर यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार केल्यावर तो भेद शास्त्रात मागे पडला आणि कार्बनाची संयुगे एवढाच अर्थ उरला. विश्वकोशाने ‘कार्बनी’ हा शब्द स्वीकारला तो याच कारणाने, व तो सर्वथा योग्य आहे. अहवाल लिहिणारे मात्र अद्याप ‘सेंद्रिय’ला चिकटून आहेत. मधल्या काळात या शब्दाचे शेतीत निराळेच भाग्य उदयास आले. ‘सेंद्रिय शेती’, ‘सेंद्रिय गूळ’, ‘सेंद्रिय खत’ या प्रयोगांनी आज खेड्यात त्याला शुद्ध, निर्विष, अधिक भावाचा असा अर्थ दिला आहे. ज्या शेतकऱ्यास ‘सेंद्रिय’ म्हणजे कीडनाशकाविना पिकविलेले असे सांगितले जाते, त्यालाच कीडनाशकांचे नाव ‘सेंद्रिय प्रदूषक’ असे सांगावयाचे, हा विपर्यास होय. त्याने त्यावरून शेणखत किंवा गोमूत्र पाण्यात उतरले असा अर्थ काढला, तर दोष त्याचा नव्हे.

दुसरा शब्द ‘सूक्ष्म’. यालाही बागायतदाराच्या कोशात चांगलेच स्थान आहे. सूक्ष्म सिंचन हवेसे असते. सूक्ष्म अन्नद्रव्ये तर पैसे मोजून पिकास द्यावी लागतात. अशा रीतीने ‘सूक्ष्म सेंद्रिय प्रदूषक’ या पदबंधात पहिले दोन शब्द वरदानाचे आणि तिसराच तेवढा शापाचा असा विचित्र मेळ जमला आहे.

‘सूक्ष्म’ऐवजी ‘लेश’ घ्यावा, असे काही जण सुचवितात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु या शब्दाची मराठी वाक्यातील वर्तणूक पाहावी. लेशमात्र शंका नाही, दयेचा लेश नाही, अहंकाराचा लेशही नव्हता – हा शब्द बहुधा नकाराच्या संगतीत येतो. होकारार्थी वाक्यात तो क्वचितच सुखाने नांदतो. त्यामुळे ‘लेश प्रदूषके’ असे म्हणताच मराठी कानाला पुढील ‘नाही’ ऐकू येऊ लागते. जे आहे म्हणून सांगावयाचे, ते नाही असे भासविणारा शब्द येथे उपयोगाचा नाही. ‘कीडनाशकांचे अत्यल्प अंश’ असे सरळ म्हणणे मला अधिक बरे वाटते. त्यास दोन अक्षरे अधिक लागतात. पण कोणाची समजूत चुकत नाही.

४

आता मुख्य मुद्दा. शेऱ्यात ‘मर्यादेपेक्षा कमी’ असे शब्द आहेत. कोणत्या मर्यादेपेक्षा? पाण्याच्या तपासणीत दोन मर्यादा असतात. एक यंत्राची : तिच्याखाली असलेले द्रव्य यंत्रास दिसत नाही, तिला शोधमर्यादा म्हणू. दुसरी आरोग्याची : तिच्यावर असलेले द्रव्य पाण्यात चालत नाही, तिला अनुज्ञेय मर्यादा म्हणतात. पहिली प्रयोगशाळेच्या सामर्थ्यावरून ठरते, दुसरी मानकावरून. दोहोंचा परस्परांशी काही एक संबंध नाही. मराठी शेरा मात्र दोहोंना एकाच ‘मर्यादा’ शब्दात बसवितो, आणि वाचक साहजिकच दुसरी समजतो.

याचा परिणाम आकड्यांनी पाहू. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), यात मॅलॅथिऑनची अनुज्ञेय मर्यादा १९० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, क्लोरपायरिफॉसची ३०, मिथिल पॅराथिऑनची ०.३, आल्ड्रिन व डायएल्ड्रिन यांची ०.०३, आणि अल्फा-एचसीएचची ०.०१. समजा, एखाद्या प्रयोगशाळेची शोधमर्यादा सर्वांसाठी ०.१ आहे. मग ‘आढळले नाही’ हा शेरा मॅलॅथिऑनपुढे आला, तर पाणी त्या बाबतीत निर्धास्त आहे असे खुशाल म्हणावे. कारण यंत्र अनुज्ञेय मर्यादेच्या कितीतरी खालपर्यंत पाहू शकते. परंतु तोच शेरा आल्ड्रिनपुढे आला, तर त्याचा निष्कर्ष शून्य. आल्ड्रिन अनुज्ञेय मर्यादेच्या दुप्पट किंवा तिप्पट असले तरी त्या यंत्रास ते दिसणार नाही. एकाच तक्त्यात, एकाखाली एक, तेच दोन शब्द; वर त्यांचा अर्थ अभय आणि खाली केवळ अज्ञान. शोधमर्यादेचा आकडा शेजारी छापला नसेल, तर हा भेद जाणण्याचा कोणताही मार्ग वाचकाजवळ नाही. निमगावच्या त्या अहवालाच्या मराठी भागात तो छापलेला नव्हता.

या चुकीचे मूळ व्याकरणात आहे, असे माझे मत आहे. ‘आढळणे’ हे क्रियापद पाहा. ‘मला रस्त्यात एक मनुष्य आढळला’ या वाक्यात पाहणारा ‘मला’ या चतुर्थीत आहे, आणि जे पाहिले ते कर्त्याच्या स्थानी. चतुर्थीतील पद गाळले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे राहते : ‘एक मनुष्य आढळला’. अहवालात नेमके हेच घडते. ‘या यंत्रास, या पद्धतीने, या मर्यादेपर्यंत आढळले नाही’ यातील पहिले सर्व गळून ‘आढळले नाही’ एवढेच उरते. पाहणारा नाहीसा झाला की पाहण्याची मर्यादाही नाहीशी होते; आणि शोधाविषयीचे विधान पाण्याविषयीचे विधान होऊन बसते. बोलण्यात त्याची आणखी एक पायरी घसरते. ‘आढळले नाही’चे ‘नाही’ होते, ‘नाही’चे ‘निल’.

वस्तुतः हा भेद मराठी माणसास अवघड नाही. विहिरीत कळशी पडली की गळ टाकून ती शोधतात. गळाला काही लागले नाही, तर कळशी विहिरीत नाही असे कोणी म्हणत नाही. दोर पुरला नाही, की गळ गाळात रुतला, हे पाहतात. दोराची लांबी विचारल्याखेरीज गळाच्या साक्षीवर विश्वास न ठेवणारा मनुष्य यंत्राच्या साक्षीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. कारण अहवालाचे वाक्य त्याला दोराची आठवणच होऊ देत नाही.

५

आणखी एक मौन याहून खोल आहे. सामान्यतः यंत्र जे शोधावयास सांगितले तेच शोधते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याविषयी अहवाल ‘आढळले नाही’ असेही म्हणत नाही. तो काहीच म्हणत नाही. उपर्युक्त मानकाच्या तक्त्यात कीडनाशकांच्या १८ नोंदी आहेत. त्यांत एन्डोसल्फान आहे, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. वापरातून गेलेले आल्ड्रिनही आहे. अशी द्रव्ये जमिनीत दीर्घकाळ राहतात, म्हणून त्यांचा शोध अनाठायी नव्हे. परंतु बागायतदारांच्या नित्य परिचयाचे इमिडाक्लोप्रिड त्या १८ मध्ये नाही. केवळ मानकाच्या यादीपुरती तपासणी केली, तर शेतकरी काल जे फवारून आला त्याविषयी अहवाल गप्प राहील, आणि ते गप्प राहणेही ‘निल’मध्येच जमा होईल.

यादीबाहेरचे द्रव्य काय करू शकते, याचा धडा महाराष्ट्राच्या द्राक्ष-बागायतदारांनी २०१० साली घेतला आहे. त्या वर्षी युरोपात गेलेली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे नाकारण्यात आली. येथून निघताना ती तपासली गेली होती. पण त्या द्रव्याचा समावेश येथील तपासणीच्या यादीत तेव्हा नव्हता. अहवाल खरे होते आणि माल परत आला.

गावाच्या पाण्याबाबत याच जातीची आणखी एक खूण विचारात घेण्यासारखी आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता-सर्वेक्षणावरून लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. ही योजना उत्तम आहे. गळती, स्रोताभोवतीची घाण, टीसीएल पावडरचा वापर यांकडे तिने गावाचे लक्ष वेधले. परंतु हिरवा रंग हा शब्दाहूनही सर्वसमावेशक असतो. साथीच्या रोगांपुरते दिलेले अभय तो सर्व प्रकारचे अभय म्हणून वाचला जातो. कीडनाशकाविषयी त्या कार्डास काही सांगावयाचेच नसते, ही गोष्ट कार्डाच्या पाठीवर एका ओळीत लिहिता येईल. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम ज्या गावी पडतो, आणि जेथे एका रात्रीत असंख्य वारकरी पाणी भरून घेतात, तेथे ती ओळ अधिक आवश्यक आहे.

६

यावर एक आक्षेप संभवतो. इतक्या बारकाव्यांनी सामान्य वाचक गोंधळेल. शास्त्रज्ञास शोधमर्यादा कळते, इतरांस ‘आढळले नाही’ एवढे पुरे, असे कोणी म्हणेल. याला जोडून दुसरी भीतीही व्यक्त होते : अत्यल्प अंशांचे आकडे लोकांपुढे ठेवले की निष्कारण घबराट होते. ही भीती निराधार नाही. जे ‘आढळले’ ते सर्व विषारी, असा उलट अर्थही तितक्याच सहजतेने काढला जातो. २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने दिल्ली व मुंबई येथील बाटलीबंद पाण्यात कीडनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले, तेव्हा आढळणे आणि अपाय होणे यांतील अंतर पुष्कळांच्या बोलण्यातून नाहीसे झाले होते. तथापि त्या प्रकरणाचा शेवट ध्यानात घ्यावा. बाटलीबंद पाण्याच्या मानकात स्पष्ट आकडे आले : प्रत्येक कीडनाशक ०.१ व सर्व मिळून ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपेक्षा अधिक नसावे. अर्थात तो तंटा मिटविण्यास आकडे लपवून भागले नाही. ते सांगावेच लागले. ‘आढळले’चा अवाजवी धाक आणि ‘आढळले नाही’चा अवाजवी दिलासा, या दोहोंचे मूळ एकच : आकड्याविना सोडलेले क्रियापद.

म्हणून अहवालाच्या मराठी भागात तीन गोष्टी तीन स्वतंत्र वाक्यांत सांगाव्यात, अशी सूचना करतो. काय शोधले, किती कमी प्रमाणापर्यंत पाहता आले, आणि त्या प्रमाणापर्यंत काय दिसले. उदाहरणार्थ : ‘या पाण्यात पुढील १८ कीडनाशकांचा शोध घेतला, इतरांचा घेतलेला नाही. प्रत्येक द्रव्य किती प्रमाणापर्यंत या यंत्रास दिसू शकते व पिण्याच्या पाण्यात किती चालते, हे दोन्ही आकडे शेजारी दिले आहेत. यंत्रास दिसणाऱ्या प्रमाणात यांपैकी एकही द्रव्य यंत्रास आढळले नाही.’ शेवटच्या वाक्यातील ‘यंत्रास’ हे गाळले जाणारे चतुर्थीचे पद परत आणले आहे, याकडे लक्ष वेधतो. जेथे यंत्राची मर्यादा मानकाच्या मर्यादेहून मोठी असेल, तेथे ‘आढळले नाही’ असे न लिहिता ‘या पद्धतीने सांगता येत नाही’ असे लिहावे. हे वाक्य प्रयोगशाळेस कमीपणा आणणारे नाही. पाणी पिणाऱ्यास पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार देणारे आहे.

परिभाषेची चर्चा आपण आजवर बहुधा एकेका शब्दापुरती केली : अमुक इंग्रजी शब्दास अमुक प्रतिशब्द. शब्द जुळले तरी वाक्य फसवू शकते, हे या एका पानाच्या अहवालावरून दिसून येते. भाषा संचालनालय, विश्वकोश आणि विद्यापीठांचे भाषाविभाग यांनी प्रतिशब्दांबरोबर अशा वाक्यांचे नमुनेही तयार करावेत, हे या समीक्षेचे तात्पर्य आहे.

निमगावच्या त्या गृहस्थांना अखेर मी एवढेच सांगितले, की प्रयोगशाळेकडून प्रत्येक द्रव्यापुढचा शोधमर्यादेचा आकडा मागून घ्या, आणि आपण या हंगामात जे फवारले त्यांची नावे त्यांना कळवा. त्यांनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या व म्हणाले, “म्हणजे दोर किती लांब होता ते विचारायचे.” अहवालाच्या मराठीने जे सांगावयास हवे होते, ते त्यांच्या मराठीने एका वाक्यात सांगितले होते.